उभ्या इलेक्ट्रिक टेम्पोची बॅटरी रोज चार टक्के उतरते, मासेमारी बंदीचे दोन महिने गाडी कशी ठेवू?

मिरकरवाडा_पहाट
११ मे, रात्री ९:५०

नमस्कार. आम्ही रत्नागिरीचे. बाबांनी बावीस वर्षं डिझेलचा टेम्पो चालवला. पहाटे मिरकरवाडा बंदरावरून मासळी उचलायची आणि आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंतच्या हॉटेलांना पोचवायची, हा आमचा धंदा. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आम्ही इलेक्ट्रिक छोटा ट्रक घेतला. २१ युनिटची एलएफपी (लिथियमचाच एक प्रकार) बॅटरी, मागे पफचा, म्हणजे थंडावा धरून ठेवणाऱ्या फोमचा डबा, डब्यात बर्फ. गाडी भाऊ चालवतो, चार्जिंग आणि हिशेब माझ्याकडे. चालण्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. माल भरून शंभर किलोमीटर आरामात होतात आणि आमची रोजची फेरी साठ-पासष्टची आहे.

प्रश्न उभ्या गाडीचा आहे. मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली आहे. चार्जर काढला की आकडा लिहायचा, पहाटे गाडी निघताना परत लिहायचा. एप्रिलमध्ये भाऊ तापाने पडला होता तेव्हा गाडी तीन दिवस जागची हलली नाही. शंभरवर उभी केली, चौथ्या सकाळी अठ्ठ्याऐंशी. वहीची मागची पानं काढून बघितली तर हेच गणित निघतं, चोवीस तासांना साधारण चार टक्के.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी लॅपटॉप लावला, एरर काही नाही म्हणाले, इलेक्ट्रिक गाडी आहे, थोडं उतरणारच. थोडं म्हणजे किती, हे कोणी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट. बाबा पडवीत झोपतात, गाडी समोर अंगणात असते. ते म्हणतात रात्रीतून दोन-तीनदा गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा आवाज येतो आणि मग काही वेळ बारीक घूं ऐकू येतं. मी स्वतः एक रात्र जागून ऐकलं, खरं आहे.

आता १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. एकसष्ट दिवस गाडीला काम नाही. रोज चार टक्क्यांनी भरलेली बॅटरी पंचवीस दिवसांत तळाला जाईल. बाबा म्हणतात चार्जर लावूनच ठेवू. भाऊ म्हणतो बॅटरीची केबलच काढून टाकू. छत्तीस हप्ते बाकी आहेत, बॅटरीचं वाटोळं झालं तर आमच्याकडे दुसरा मार्ग नाही. कोणी दोन महिने गाडी उभी ठेवली आहे का?


पावस_लाईन
११ मे, रात्री १०:३५

माझी इलेक्ट्रिक तीनचाकी आहे, दूध आणि पाव टाकतो. ताई, मोबाईलचं ॲप किती वेळा उघडता? माझ्या गाडीला मी ॲपमधून हाक मारली की ती जागी होते आणि लगेच झोपत नाही. मी चार्जिंग लागलं का ते बघायला सारखा उघडायचो. आठवडाभर हात लावला नाही तर रोजचे जवळजवळ दीड टक्के वाचले. खर्च काही नाही, आज रात्रीपासून करून बघा.


वायरमन_कुडाळ
१२ मे, दुपारी २:१५

ताई, तुम्ही वही ठेवलीत म्हणून बोलायला काहीतरी हाताशी आहे. माझ्याकडे लोक येतात ते ‘बॅटरी लवकर उतरते’ एवढंच सांगतात.

आधी आकडा समजून घेऊ. २१ युनिटच्या बॅटरीचा एक टक्का म्हणजे २१० वॉट-तास. चार टक्के म्हणजे ८४०. त्याला चोवीसने भागा, ३५ आले. म्हणजे तुमच्या अंगणात रात्रंदिवस ३५ वॉटचा एक दिवा जळतोय. लिथियमचा चांगला सेल स्वतःहून उतरतो तो महिन्याला दोन-तीन टक्के. तेव्हा हे सेलचं काम नाही, कोणीतरी वीज खातंय. ‘थोडं उतरणारच’ हे उत्तर मला मान्य नाही.

पण दिवा शोधायच्या आधी आकडा खरा आहे याची खात्री करा. एलएफपी बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं. चाळीस टक्क्यांना आणि सत्तर टक्क्यांना सेलचं व्होल्टेज इतकं जवळ असतं की गाडीच्या संगणकाला त्यावरून काही ओळखता येत नाही. तो आत किती गेलं, बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी ठेवतो, आणि ती हळूहळू चुकत जाते. बॅटरी पूर्ण भरली की तिथे व्होल्टेज एकदम वर चढतं आणि त्याचा हिशेब परत जागेवर येतो. म्हणून या बॅटरीला अधूनमधून पूर्ण शंभर करावं लागतं. तुमची गाडी शंभरवरून उभी होती, त्यामुळे तुमचा आकडा बराचसा खरा असावा, तरी पडताळून बघा. चार्जरच्या लाईनवर वेगळा मीटर असेल तर शंभर करा, तीन दिवस उभी ठेवा, परत शंभर करा आणि किती युनिट गेली ते लिहा. चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात ते धरा. भिंतीवरच्या मीटरला टक्के कळत नाहीत, तो फक्त युनिट मोजतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास.

आता त्या ‘टक्’ आवाजाबद्दल. तुमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. मोठी, आणि साध्या गाडीत असते तशी बारा व्होल्टची छोटी. गाडी झोपली की मोठी बॅटरी कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप चालणारे मोठे स्विच, उघडून बाकी गाडीपासून तोडलेली असते. संगणक, कुलूप, ट्रॅकर ही सगळी चिल्लर छोटीवर चालते. छोटी खाली गेली की बऱ्याच गाड्या आपणहून जाग्या होतात, कॉन्टॅक्टर मिटतात, तोच तुमचा ‘टक्’, आणि मोठीतून छोटी भरून घेतात. घूं आवाज त्याच वेळचा. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी झालं तर ठीक. एका रात्रीत दोन-तीनदा होतंय म्हणजे छोटीवर कायमचा भार आहे. आणि प्रत्येक जागरणात सगळे संगणक, कॉन्टॅक्टरची कॉइल, मोठीची वीज बारा व्होल्टवर आणणारा कन्व्हर्टर चालू होतात, त्यामुळे छोटीचा एक रुपया भरायला मोठीचे दीड-दोन रुपये जातात. तुमच्या वडिलांचे कान चांगले आहेत, त्यांनी दुखणं बरोबर ऐकलं.

मला एकच सांगा, गाडी कंपनीतून आल्यावर तुम्ही काय काय बसवलंत? एकही गोष्ट सोडू नका.

मोजायचं असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात, दुकानात विचारून घ्या. छोट्या बॅटरीच्या काळ्या केबलभोवती अडकवा, दरवाजे लावा, चावी घरात लांब ठेवा आणि पाऊण तास गाडीकडे फिरकू नका. गाडीतले संगणक एकेक करून झोपतात, लगेच वाचलंत तर चार-पाच अँपिअर दिसतील आणि उगाच घाबराल. सगळं झोपल्यावर निरोगी गाडी ५० मिलिअँपिअरच्या आसपास असते. साधा मल्टिमीटर केबल तोडून मध्ये जोडू नका, मधेच गाडी जागी झाली तर दहा अँपिअरच्या वर जातं आणि मीटरचा फ्यूज उडतो. आणि नारिंगी रंगाच्या केबलला कोणीही, कुठल्याही कारणाने हात लावायचा नाही. ती मोठ्या बॅटरीची लाईन आहे, तिथे जीव जातो.


मिरकरवाडा_पहाट
१६ मे, रात्री ८:२०

काका, खूप आभार. भाऊ मामाच्या लग्नाला गेला होता, त्यामुळे तीन दिवस गाडी उभी ठेवता आली. चार्जिंगसाठी आमचा वेगळा मीटर आहे. शंभर ते शंभर, २.९ युनिट गेली. गाडीच्या पडद्यावर चौथ्या दिवशी परत अठ्ठ्याऐंशीच होते. बारा टक्के म्हणजे अडीच युनिट, चार्जरचा तोटा धरून २.९ जुळतात. म्हणजे आकडा खरा, वीज खरंच जाते.

बसवलेल्या वस्तू लिहिते. हप्त्यावाल्यांनी बसवलेला ट्रॅकर. पुढच्या काचेला कॅमेरा, तो गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करतो, बंदरावर गर्दी असते म्हणून आम्हीच तसा ठेवला होता. एका मोठ्या हॉटेलच्या सांगण्यावरून डब्यातलं तापमान दर पाच मिनिटांनी पाठवणारं सिमकार्डवालं यंत्र. आणि डब्यात दोन एलईडी पट्ट्या, पहाटे मासळी लावताना दिसावं म्हणून, दार उघडलं की लागतात. हे सगळं एकाच दुकानात बसवलं आणि आता वाकून बघितलं तर चारही वस्तूंच्या लाल वायरी सरळ छोट्या बॅटरीच्या बोळ्यावर (टर्मिनलवर) आणून आवळल्या आहेत. त्यातल्या दोनांना फ्यूजसुद्धा नाही.

क्लॅम्प मीटर शेजारच्या एसी दुरुस्तीवाल्या दादांकडून आणला. पाऊण तास थांबून वाचला. १.४५ अँपिअर.


वायरमन_कुडाळ
१६ मे, रात्री ९:०५

तेच तर. १.४५ म्हणजे निरोगी गाडीच्या तीसपट. पस्तीस अँपिअर-तासाची छोटी बॅटरी बारा तासांत अर्धी होते, म्हणून बिचारी गाडी रात्रभर उठून तिला भरतेय.

एकेक फ्यूज किंवा वायर काढा आणि प्रत्येक वेळी थांबून वाचा. डब्याच्या दिव्यांपासून सुरुवात करा. पट्ट्या दार लावल्यावर विझतात हे कोणी आतून पाहिलंय का? मोबाईलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून डब्यात ठेवा, दार लावा, दोन मिनिटांनी काढा.


मिरकरवाडा_पहाट
१७ मे, सकाळी ११:४०

काका, दार लावल्यावरही डबा आतून लख्ख उजळलेला. व्हिडिओत बर्फाच्या पाट्यांवरचे खवलेसुद्धा दिसतात. सात महिने हे दिवे एक क्षण विझले नव्हते. दाराच्या खालच्या चौकटीत बटण आहे, त्याच्यावर बर्फाचं खारट पाणी रोज गळतं, ते मिठाने आतल्या आत चिकटून बसलंय.

वाचलेले आकडे असे. सुरुवातीला १.४५. पट्ट्यांची वायर काढली, ०.५४. कॅमेरा काढला, ०.१९. तापमानाचं यंत्र काढलं, ०.०९. हा उरलेला ट्रॅकर आणि गाडी मिळून.

पावसच्या दादांनी ॲपचं लिहिलं होतं, तेही मोजलं. क्लॅम्प लावून ठेवला आणि ॲप उघडलं. एका सेकंदात ‘टक्’, आणि आकडा आठ अँपिअरवर. परत झोपायला नऊ मिनिटं लागली. घरात ॲप फक्त बाबांच्या मोबाईलमध्ये आहे. मी विचारलं, दिवसातून किती वेळा बघता? म्हणाले पाच-सहा. मोबाईलच्या नोंदीत बघितलं तर आदल्या दिवशी तेवीस वेळा. रात्री दोनला, साडेतीनला, चारला. गाडी बाबांच्या नावावर आहे, कर्जही. या वयात एवढं कर्ज घेतलंय, ते झोपमोड करून आकडा बघतात आणि बघितल्यामुळे तो आणखी उतरतो. मला फार वाईट वाटलं. त्यांना मीटरच दाखवला, समोर ॲप उघडून. काही बोलले नाहीत, मोबाईल माझ्या हातात दिला. आता मी रोज संध्याकाळी पाटीवर आकडा लिहून पडवीत टांगते.

तेवीस वेळा नऊ मिनिटं म्हणजे साडेतीन तास, आठ अँपिअरने. काका, तुमच्या पस्तीस वॉटांपैकी जवळजवळ चौदा वॉट हेच निघतात.


वायरमन_कुडाळ
१७ मे, दुपारी १:३०

हिशेब बरोबर केलात. वस्तूंचे सतरा, ॲपचे चौदा, राहिलेलं कन्व्हर्टरने वाटेत खाल्लं. ३५ पूर्ण झाले.

आता दुरुस्ती. बॅटरीच्या बोळ्यावर ट्रॅकरशिवाय काहीही ठेवू नका. कॅमेरा आणि दिवे चावीच्या लाईनवर घ्या, म्हणजे चावी बंद की तेही बंद. पट्ट्यांसाठी रिले (छोट्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) घाला, चावीच्या लाईनवर थेट भार टाकू नका. तापमानाच्या यंत्राला स्वतंत्र बटण द्या, माल नसताना हॉटेलला डब्याचं तापमान कळून उपयोग नाही. प्रत्येक लाल वायरीला बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच. फ्यूज नसलेली वायर घासून चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकली तर आग लागते, उतरलेली बॅटरी त्यापुढे काहीच नाही. हे काम बंदीची वाट न बघता याच आठवड्यात करा.

दाराचं बटण फेकून द्या आणि चुंबकावर चालणारा सीलबंद स्विच बसवा. त्यात उघडा पत्रा नसतो, मीठ शिरत नाही. आणि छोट्या बॅटरीचे बोळे बघा. किनाऱ्याच्या गाडीत, त्यात मासळीच्या, तिथे पांढरा-हिरवा थर हमखास असतो. तो ओलसर राहिला की त्याच्यातूनही थोडी वीज झिरपते. काळी केबल आधी काढा, मग लाल, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या, आवळल्यावर वरून व्हॅसलिन लावा. प्रेशरच्या पाण्याने गाडी धुता तेव्हा खालच्या जोडांवर फवारा मारू नका.

एक राहिलं. गाडी उन्हातून आली की थोडा वेळ पंखा किंवा पंप चालतो, तो बॅटरी थंड करतो. तो बंद करायच्या मागे लागू नका. गाडी सावलीत लावा. पण बिनखिडक्यांच्या पत्र्याच्या शेडपेक्षा आंब्याखालची वाऱ्याची जागा बरी.


मिरकरवाडा_पहाट
२४ मे, रात्री ९:१५

सगळं करून झालं. शनिवार, रविवार, सोमवार गाडी उभी होती, समुद्र खवळलेला म्हणून आवक नव्हती. शंभरची नव्व्याण्णव. परत भरायला मीटरवर ०.४ युनिट. बाबा म्हणतात तीन रात्रींत एकदाही ‘टक्’ ऐकलं नाही.

आता बंदीचं सांगा. माझ्या पुस्तिकेत लिहिलंय की महिन्याहून जास्त उभी ठेवायची तर मोठी बॅटरी अर्ध्यावर ठेवा, बारा व्होल्टची काळी केबल काढा, महिन्यातून एकदा तपासा. म्हणजे भाऊ बरोबर होता. पण बाबांना अर्ध्यावर ठेवायची भीती वाटते.


पाजपंढरी
२५ मे, सकाळी ७:१०

मी हर्णैचा. तुमच्या बाबांच्या बाजूने बोलतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली तालुक्यात खांब असे आडवे झाले की कित्येक गावांना कित्येक दिवस लाईट नव्हती. त्या दिवसांत माणूस दवाखान्यात न्यायचा तर गाडी लागत होती, मोबाईल चार्ज करायचा तर गाडी लागत होती. तेव्हा आमची डिझेलची होती, टाकीत जे होतं त्यावर निभावलं. आता माझीही इलेक्ट्रिक आहे. मी पावसाळ्यात नव्वदच्या खाली ठेवत नाही. वर्षभर पुस्तिकेप्रमाणे वागा, पण जून-जुलैत नाही.


वायरमन_कुडाळ
२५ मे, सकाळी ९:४५

दादा, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते गेलं तेव्हा आमच्या सिंधुदुर्गातही तेच हाल झाले. पण नव्वदवर दोन महिने ठेवणं मला पटत नाही. लिथियम बॅटरी म्हातारी होते ती दोन गोष्टींनी, भरलेली राहून आणि गरम राहून. एलएफपी बाकीच्यांपेक्षा सोशिक आहे हे खरं, पण तिलाही हा नियम लागतो. आणि चार्जर लावूनच ठेवणं तर अजिबात नको. एक तर बॅटरी सतत काठोकाठ, दुसरं म्हणजे चार्जरचे संगणक कायम जागे, आणि तिसरं वीज. मृगाच्या आसपास कडकडाट होतो तेव्हा लाईनवरून आलेला झटका चार्जर घेऊन जातो. मी दरवर्षी असे जळलेले टीव्ही आणि इन्व्हर्टर बघतो.

उभ्या गाडीला लाईट लागत नाही, हे लक्षात घ्या. गळती बंद झाली की साठवर ठेवलेली गाडी दोन महिन्यांनी जवळपास तिथेच सापडेल. किती ठेवायचं ते तुम्हाला वादळात किती लांब जावं लागेल त्यावर ठरवा.


मिरकरवाडा_पहाट
२५ मे, रात्री ८:५५

मग आम्ही साठवर ठेवतो. रिकाम्या गाडीला साठ टक्क्यांत साठ-सत्तर किलोमीटर सहज आहेत, आमच्या घरापासून सिव्हिल हॉस्पिटल गाठून दहा वेळा परत येता येईल. बाबांना हे पटलं. पाजपंढरीच्या दादांनी लिहिलं नसतं तर मी पन्नासच्या खालीही ठेवली असती, वादळाचा विचारच केला नव्हता. केबल काढलेली असली तरी जोडायला दहा नंबरचा पाना आणि दोन मिनिटं लागतात. पाना पडवीत खुंटीला अडकवून ठेवते.


गोवळकोट_धक्का
२६ मे, सकाळी ६:३०

चिपळूणहून लिहितोय. किती टक्के यापेक्षा कुठे, हे आधी ठरवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आलं तेव्हा उभ्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. बॅटरीचा डबा पाण्यात तगेल असं कंपनी सांगते, पण ते थोडा वेळ आणि थोड्या खोलीपुरतं असतं. गढूळ पाण्यात रात्रभर बुडाली तर ती गाडी स्वतः चालू करू नका. तुमचं अंगण खाडीच्या बाजूला असेल तर दोन महिने वरच्या आळीत कोणाकडे तरी लावा.


मिरकरवाडा_पहाट
२ ऑगस्ट, दुपारी ३:४०

ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायचं राहू नये म्हणून.

३ जूनला गाडी आत्याच्या अंगणात वरच्या बाजूला नेली. जांभ्याच्या भिंतींची, कौलं घातलेली मोकळी खोपी आहे, पूर्वी तिथे भात झोडायचे. साठ टक्के. गाडी बंद केली, चावी काढली, पंधरा मिनिटं थांबलो, मग काळी केबल काढून तिच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळली. हॅन्डब्रेक ओढला नाही, दमटाने चिकटतो म्हणून, चारही चाकांना जांभ्याचे चिरे लावले. केबल काढली की रिमोटने दार उघडत नाही, म्हणून लोखंडी चावी आधी चालवून बघितली. ती गंजलेली होती, तेल घालून सुटी केली.

दुसऱ्याच दिवशी हप्त्यावाल्यांचा फोन, गाडी नकाशावर दिसत नाही, कुठे लपवली? असं बोलले बाबांशी, एकही हप्ता थकलेला नसताना. कारण साधं होतं. ट्रॅकरची लाल वायर बोळ्यावर होती पण काळी चेसिसवर, केबल काढल्यावर तो मेला. वायरमन काकांना फोरमवरच निरोप टाकला, त्यांनी सांगितलं ट्रॅकरची काळी वायर चेसिसवरून काढून थेट बॅटरीच्या काळ्या बोळ्यावर घ्या. तसं केलं. गाडी बॅटरीपासून तोडलेली राहिली आणि ट्रॅकर जिवंत. छोट्या बॅटरीला बारीक ट्रिकल (अगदी सावकाश भरणारा) चार्जर लावला. ट्रॅकर दिवसाला दीड अँपिअर-तास खातो, म्हणजे लाईट दहा-बारा दिवस गेली असती तरी छोटी अर्ध्यावर राहिली असती. प्रत्यक्षात सगळ्यात लांब गेली ती चार दिवस, जुलैच्या मध्यात. कडकडाट सुरू झाला की आत्या त्या ट्रिकलचा प्लग काढायची, तिला मी तेवढंच एक काम सांगितलं होतं आणि तिने ते एकदाही चुकवलं नाही.

दर पंधरा दिवसांनी जाऊन छोटीचं व्होल्टेज लिहिलं. १२.७, १२.७, १२.६ (लाईट गेली होती तेव्हाचं), १२.७. डांबरगोळ्या ठेवल्या होत्या तरी उंदराने डब्याच्या दिव्याची वायर कुरतडली. बाकी वायरिंग शाबूत.

२९ जुलैला केबल जोडली. पडद्यावर साठच दिसले. मग पूर्ण भरली. १०.२ युनिट गेली. चार्जरचा तोटा काढला तर नऊ युनिट आत गेली, म्हणजे खरी सुरुवात अठ्ठावन्नच्या जवळपास होती. छप्पन्न दिवसांत दोन टक्के. आधी आमच्याकडे एवढे अर्ध्या दिवसात जायचे.

काल पहाटे चारला बाबा स्वतः भावाबरोबर बंदरावर गेले. पाटी मात्र काढू दिली नाही.


पाजपंढरी
२ ऑगस्ट, सायंकाळी ६:०५

ताई, छान झालं. मीही पुढच्या वर्षी सत्तरवर ठेवून बघेन, नव्वदचा हट्ट सोडतो. तो चुंबकाचा स्विच दाराला कुठे बसवलात? माझ्याही डब्यात तसंच बटण आहे, खालीच.


मिरकरवाडा_पहाट
२ ऑगस्ट, सायंकाळी ७:३०

दादा, वरच्या चौकटीत, बिजागरीच्या विरुद्ध टोकाला. स्विच चौकटीवर आणि चुंबक दारावर, म्हणजे वायर हलत्या दारावर जात नाही. वायर खाली एक वळसा देऊन मग आत घ्या, पाणी वळशावरून गळून जातं, जोडापर्यंत पोचत नाही. बसवून झालं की मोबाईल आत ठेवून दार लावून बघायला विसरू नका. मी दर महिन्याच्या एक तारखेला बघते.